ओढ्याचं अर्धं तोंड

मुरगूड,
ता. २० फेब्रुवारी १९७७

सलाम.

परवा मी कळंब्याच्या तुरुंगावर आले होते. तुमचा निळा सदरा धुऊन आणला होता आणि डब्यात भडंग होता. फाटकावरचा शिपाई आत जाऊन विचारून आला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाई, त्यो म्हणतोय, मला बायकू न्हाय." सदरा तेवढा त्यानं ठेवून घेतला. तो तुम्हाला मिळाला का, हेही मला कळायला मार्ग नाही.

हे पत्र तुमच्या आधी तिथले साहेब वाचतील असं वकिलांनी सांगितलंय. वाचू देत. जे मी भर कोर्टात बोलले तेच इथं लिहिणार आहे. तुम्ही त्या दिवशी मान फिरवून बसला होता. पुढचं काही ऐकलं नसेल, म्हणून एकदा लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

आदल्या दिवशी वकिलांनी मला समोर बसवून शिकवलं होतं, की एवढंच म्हणायचं, सुरुंगाचा तोटा पाण्यात टाकायच्या आधी माझा नवरा मोठ्यांदा ओरडला. बाकी काही विचारलं तर आठवत नाही म्हणायचं. मी मान हलवली होती. तसंच म्हणायचं ठरवून मी उभी राहिले होते. पण समोरच्या बाकावर बयाबाई बसली होती. ती माझ्याकडं बघत होती. रागानं नव्हे, मी काय सांगते ते ऐकायला म्हणून. आपला नवरा गुंडू मरायच्या आधी त्याला कुणी हाक मारली होती का, की तो पाण्याच्या इंजनाच्या नळीत अडकलेलं शेवाळ काढत तसाच खाली मान घालून गेला, एवढंच तिला कळायचं होतं. दुसरं कोण सांगणार होतं तिला? काठावर आपण दोघंच होतो.

मी म्हणाले, "न्हाय. ओरडलं न्हाईत."

तुम्ही का ओरडला नाही ते मला ठाऊक होतं, पण ते मला कुणी विचारलं नाही. ओरडलं की माणसं टोपल्या घेऊन धावत येतात आणि वर आलेले मासे वाटून घ्यावे लागतात. खाणीतनं आणलेला तोटा एकट्याच्या जिवावर आणला होता तुम्ही. मला गुंडू दिसला नव्हता, अल्लाशपथ. दरडीच्या आड गळ्याइतक्या पाण्यात होता तो. तुम्हाला दिसला होता का, हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि आता पत्रातनं विचारणार नाही.

घरचं सांगायचं तर अम्मी दिवसभर बोलतात, तोंडाला येईल ते. अब्बा मात्र काहीच बोलत नाहीत. कोर्टातनं आल्यापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. पाणी हवं असलं तर तांब्या वाजवतात.

तब्येतीला जपा.

नजीरा


मुरगूड,
ता. ९ मे १९७७

सलाम.

तुमचं उत्तर नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते. तरी लिहिते, कारण इथं मी कुणाशी बोलू?

अम्मी उचगावला तुमच्या बहिणीकडं गेल्या. जाताना गल्लीत उभं राहून म्हणाल्या, की पोराला आत घालणारीच्या हातचं पाणी मला नको. बायका दारात येऊन ऐकत होत्या. मी त्यांची पिशवी एस.टी. स्टँडपर्यंत नेऊन दिली. ती मात्र त्यांनी घेऊ दिली मला.

गाद्यांचं काम बंदच आहे म्हणा. अब्बांचा खांदा आता कापूस पिंजायची कमान पेलत नाही, आणि यंदा लग्नसराईतही लोक कापूस घेऊन आपल्या दारी आले नाहीत. ज्या घरचा माणूस तुरुंगात, त्या घरची गादी नवरानवरीला कशी द्यायची, असं कुणी बोललं नाही, पण तसंच झालं. मी लोकांच्या शेतावर तण काढायला, भांगलायला जाते.

आता जे लिहिते त्याला तुम्ही हसाल. मी गळ टाकायला शिकते आहे.

झालं असं, की एके दिवशी सकाळी अब्बांनी आढ्याला अडकवलेली गळाची काठी काढली. ते नदीला जातात तशी. पण त्या दिवशी त्यांनी दुसरीही काढली, तुम्ही लहानपणी वापरायचात ती, आणि दोन्ही घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. तोंडानं काही नाही. मी हात पुसून मागनं गेले. बाईमाणूस गळ घेऊन चाललंय म्हणून वाटेत लोक बघत होते. अब्बा पुढं, मी मागं.

तुम्हाला हे सगळं ठाऊक असेल, तुम्ही त्यांचे लेक. पण मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मासे मारायचे म्हणजे मारायचे, एवढंच मला माहीत होतं. अब्बा बोलत नाहीत, त्यामुळं सगळं हातानं शिकवतात. पहिल्या दिवशी माझ्या गळाला एक बारका कोळस लागला. मी तो पटकन मुठीत धरला तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. माझा हात धरून पाण्यात बुडवला, ओला केला आणि मग मासा माझ्या ओल्या तळहातावर ठेवला. कोरड्या हातानं धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि सोडला तरी तो पुढं कुजून मरतो, हे मला नंतर कळलं. तोंडातनं गळ कसा उलटा फिरवून काढायचा ते दाखवलं. मासा पाण्यात सोडला, पण फेकला नाही. दोन्ही हातांत वाहत्या पाण्याकडं तोंड करून धरून ठेवला. बराच वेळ. मला वाटलं, मेलाच. मग त्यानं शेपटी हलवली आणि आपला आपण गेला.

मोठा लागला आणि घरी न्यायचा असला की अब्बा त्याला वाळूत तडफडत ठेवत नाहीत. गोट्यानं डोक्यावर एकच घाव, की संपला. मग केळीच्या पानात गुंडाळतात. दोघांना पुरेल इतकं झालं की काठ्या आवरतात, पुढं कितीही लागत असले तरी.

ऊन वाढलं, पाणी तापलं की ते गळ टाकतच नाहीत, नुसते बसतात. तेव्हा मासा आधीच धापा टाकत असतो. त्याला आणि दमवायचा नसतो. आपला तो डोह आता मोकळा आहे हो. वर्ष झालं, तरी तिथं एक मासा उसळी मारत नाही. तोट्यानं वर आले होते ते आपल्या टोपलीत आले. त्याहून जास्त तळाला जाऊन बसले होते, पोट फुटून. ते कुणाच्याच कामी आले नाहीत. अब्बा त्या डोहाच्या काठानं जाताना दुसरीकडं बघतात.

नजीरा


मुरगूड,
ता. १७ जुलै १९७७

सलाम.

नदी भरून चालली आहे. अब्बांना ताप होता, आता उतार आहे. औषध सरकारी दवाखान्यातलंच.

एक गोष्ट घडली ती तुम्हाला लिहावी असं वाटलं.

मृग लागला तेव्हाच अब्बांनी दोन्ही काठ्या आढ्याला बांधून टाकल्या होत्या. या दिवसांत मासे चढणीला लागतात. नदीतनं ओढ्यात, ओढ्यातनं वरच्या भाताच्या खाचरांत जातात, अंडी घालायला. सगळ्यांची पोटं भरलेली. अशा वेळी अब्बांनी आयुष्यात कधी गळ टाकला नाही असं जुने लोक सांगतात. पण घरात त्या दिवशी जोंधळ्याच्या पिठाशिवाय काही नव्हतं, भांगलण पावसानं बंद, आणि तापानं खंगलेल्या म्हाताऱ्याला मी नुसत्या मिठाच्या पेजेवर किती ठेवणार? ते झोपले होते. मी काठी सोडवून घेतली आणि ओढा नदीला मिळतो तिथं गेले.

पाणी गढूळ, धार मोठी. गांडूळ लावून टाकला आणि थोड्या वेळात असा हिसका बसला की मी गुडघ्यावर आले. गळाची दोरी, तंगूस, तळहाताला कापत गेली. अब्बांनी शिकवल्याप्रमाणं मी ओढाताण केली नाही, त्याच्याबरोबर काठानं चालत राहिले, दमू दिलं, पण फार दमू दिलं नाही. उथळ पाण्यात आणला तर खडस होता. माझ्या हाताएवढा लांब, खवले सोन्यासारखे. असा मासा मी नदीत पाहिला नव्हता. मी ऐकलं होतं की आता उरलेच नाहीत.

पोट बघितलं आणि कळलं की मादी आहे. बोट लावलं तर खालनं पिवळी अंडी येत होती.

तिथं कुणी नव्हतं. पलीकडच्या काठावरही नाही. मी तो मासा घरी नेला असता तर अब्बांना चार दिवस कालवण झालं असतं, आणि कुणी मला एक शब्द विचारला नसता. अब्बा तर बोलतच नाहीत. मी हात ओले करून तिला धरलं होतं आणि मला तुमची फार आठवण झाली. खोटं कशाला लिहू, रागानं झाली. तुम्हीही असेच काठावर उभे होता, कुणी नव्हतं बघायला, आणि तुम्हाला घाई होती. मला वाटलं, तुम्ही थोडं थांबला असता तर.

मी गळ काढला. ती दमली होती, कूस टाकत होती. धारेकडं तोंड करून मी तिला धरून बसले, कमरेइतक्या पाण्यात, माझं लुगडं भिजून जड झालेलं. गळ्याच्या बाजूचे कल्ले उघडमीट करत होते. मग एकदम तिच्या अंगात जोर आला आणि माझ्या हातातनं ती ओढ्याच्या तोंडाकडं गेली. वर.

घरी येऊन मी अब्बांना सगळं सांगितलं. काठी चोरली इथपासून. ते भिंतीला टेकून ऐकत होते. बोलले नाहीत. पण ताटातली भाकरी त्यांनी मोडली आणि अर्धी माझ्याकडं सरकवली. संध्याकाळी कानस मागून घेतली, हातवारे करूनच, आणि माझ्या गळाचा उलटा काटा घासून सपाट करून दिला. असा गळ माशाच्या तोंडातनं फाडाफाड न होता निघतो. निसटतातही जास्त, पण निसटू देत.

तुम्हाला वाटेल, ही मला शिकवायला लागली. शिकवत नाही. सांगते आहे.

नजीरा


मुरगूड,
ता. २८ जानेवारी १९७८

सलाम.

अम्मी परत आल्या. तुमच्या बहिणीच्या घरात त्यांचं पटलं नाही. आल्या त्या दिवशी मी पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं.

त्या तुम्हाला भेटून गेल्या हे मला कळलं. तुम्ही वाळला आहात म्हणाल्या. मला भेटणार का, असं त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात, हेही सांगितलं. गेल्या वर्षी शिपायाकडून जो निरोप आला होता त्याच्यापेक्षा गप्प बरं.

बयाबाईचं लिहायचं आहे. ती जोतीराम पाटलांच्या उसात कामाला जाते. वाटेत भेटली की मी बाजूला होते, ती सरळ निघून जाते. परवा मला दोन चांगले शिंगाडे मासे मिळाले. मी साफ करून, पानात बांधून तिच्या दारात नेऊन ठेवले आणि हाक न मारता परत आले. मला वाटलं, घेईल. अंधार पडायच्या आत ती स्वतः आमच्या दारात आली. पान तसंच बांधलेलं. म्हणाली, "नदीचं कायबी माझ्या दारात आणू नगंस. तुझा राग न्हाय मला. पर आणू नगंस."

मी ते घेतलं. अम्मी चुलीपाशी ऐकत होत्या. ती गेल्यावर म्हणाल्या, की तिचं बरोबर आहे. अम्मींच्या तोंडून त्या घराबद्दल हा पहिला बरा शब्द.

त्या रात्री ते शिंगाडे आम्हा कुणालाच गेले नाहीत. शेजारी देऊन टाकले.

नजीरा


मुरगूड,
ता. १२ जुलै १९७८

सलाम.

अब्बा बोलले. ते कसं झालं ते सगळं लिहिते.

यंदाही चढण जोरात लागली. तुम्हाला ठाऊक आहे आपल्याकडं काय होतं. पाऊस उघडला की सगळं गाव ओढ्यावर. काठ्या, कोयते, जुनी लुगडी, जे मिळेल ते. यंदा जोतीराम पाटलांनी आणि त्यांच्याबरोबरच्या पोरांनी ओढ्याच्या तोंडाला या काठापासनं त्या काठापर्यंत बांबूची आडवण घातली आणि मागं जाळं लावलं. एकही मासा वर जाणार नाही अशी. पाणी नुसतं माशांनी फेसाळलं होतं. पोरं कोयत्यानं तोडत होती. पाट्यांत भरलेले मासे तोंडं उघडत होते, आणि अंडी दगडांवर सांडलेली, पिवळीच्या पिवळी. पायाखाली चिकटत होती.

मी शेतावरनं येत होते. मी काही करायचं ठरवून गेले नव्हते. पण ते बघितलं आणि पाण्यात उतरले. आडवणीचा एका कडेचा बांबू धरून उभी राहिले आणि जोतीराम पाटलांना म्हणाले, की दादा, अर्धं तोंड तरी उघडं ठेवा. सगळं बंद केलंत तर पुढच्या साली काय धराल? डोह आधीच मोकळा झालाय. निम्म्या बाजूला जाळं लावा, निम्म्यानं जाऊ द्या.

ते हसले नाहीत. तसे वाईट नाहीत ते. पण त्यांच्यातलं एक पोरगं म्हणालं, "डोह कुणी मोकळा केला ते आदी सांग की. नवऱ्याला जेलात घातलीस आणि आता गावाला शिकवतीस व्हय?" सगळे थांबले. खरंच होतं ते. डोह आपल्याच घरानं मोकळा केला होता. बयाबाई पाटी घेऊन काठावर उभी होती. तिच्याही पाटीत मासे होते. तिनं खाली बघितलं.

मग माझ्या मागं पाण्यात कुणीतरी उतरल्याचा आवाज झाला. अब्बा. ते कधी आले, मला कळलं नाही. काठीच्या आधारानं, लुंगी वर खोचून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. धार त्यांना ढकलत होती म्हणून मी त्यांचा दंड धरला. दीड वर्षानं मी त्यांचा आवाज ऐकला. मोठा नव्हता, पण तिथं सगळे गप्प होते.

ते म्हणाले, "व्हय, शिकवंल ती. डोह माझ्या पोरानं मारला आन गुंडूला बी त्येनंच मारला. मी बाप हाय, म्या ते अजून तोंडानं बोललो नव्हतो. ही कोर्टात बोलली, म्हणून म्या हिच्याशी बोलणं टाकलं. चूक माझी. ही खरं बोलली, आन आता बी खरं बोलतीया. पोटुशी हाईत ह्या सगळ्या. ह्यांना जाऊ द्या."

मग जोतीराम पाटलांकडं बघून म्हणाले, "जोतीबा, तुझ्या बापाबरूबर म्या ह्या वड्यावर उभा ऱ्हायलोय. निम्मा सोडायचा, ही त्याची रीत हुती."

सगळ्यात आधी बयाबाई हलली. तिनं पाटीतले मासे ओतले नाहीत, तुम्हाला गोड करून सांगत नाही. पोरं आहेत तिच्या घरी. पण तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि 'पुरं झालं' म्हणून निघाली. तिच्या मागनं दोघी-तिघी निघाल्या. मग जोतीराम पाटलांनी स्वतः येऊन माझ्या बाजूचे बांबू उपटले. निम्मे. ते पोरगं काहीतरी पुटपुटत होतं, त्याला त्यांनी गप्प केलं. पलीकडच्या बाजूला जाळं तसंच राहिलं आणि कोयतेही थांबले नाहीत. पण आमच्या बाजूनं वाट उघडी झाली. आम्ही दोघं तिथं उभे होतो आणि मासे आमच्या पायांना घासून वर जात होते. सुटायची वाट आहे हे त्यांना कसं कळतं कोण जाणे. मला रडू आलं.

घरी येताना अब्बा चिखलात घसरत होते. मला म्हणाले, "नजीरा, हात धर." माझं नाव घेऊन.

अम्मींनी पाणी तापवून ठेवलं होतं. त्यांना आधीच कळलं होतं. मुरगुडात काही लपतं का.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या अब्बांनी तुमचं नाव घेऊन सगळ्यांसमोर ते सांगितलं, हे तुम्हाला दुसऱ्याकडनं कळण्यापेक्षा माझ्याकडनं कळावं म्हणून लगेच लिहिते आहे. चिडाल तर माझ्यावर चिडा. त्यांना बोलताना कष्ट पडले होते.

नजीरा


मुरगूड,
ता. ५ नोव्हेंबर १९७८

सलाम.

तुमचं पत्र मिळालं. पहिलंच. अम्मींनी मला वाचून दाखवायला लावलं आणि मग ते माझ्याकडनं काढून घेतलं, त्यांच्या पेटीत ठेवलं. त्यांना वाचता येत नाही, तरी.

महिनाअखेर सुटताय हे समजलं. मुंबईला जाऊ का, तिकडं खाणीवरचा ओळखीचा माणूस काम देईल, असं तुम्ही विचारलंय. आणि खाली वेगळ्या शाईनं एकच ओळ: मला पुन्हा कोर्टात उभं केलं तर मी तेच सांगेन का?

हो, तेच सांगेन.

हे वाचून पत्र खाली ठेवू नका. पुढं बरंच आहे.

मी तुमचं पत्र आलं त्या दिवशी काही उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. कारण मुंबईला जा की इथं या, हे एकटीनं सांगायचा मला हक्क नव्हता. अब्बांना विचारलं. ते आता खूप थकलेत, सकाळच्या उन्हात बसून गळाला दोरा बांधत असतात. म्हणाले, "माझं ऱ्हाऊ दे. जिचा गेलाय तिला इचार."

म्हणून मी बयाबाईकडं गेले. या वेळी रिकाम्या हातानं गेले. ती जोंधळा पाखडत होती. मी दारातच उभी राहिले आणि सांगितलं, की माझा नवरा सुटतोय. त्यानं या गावात यावं की नाही हे मी तुम्हाला विचारायला आले आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी त्याला तसं कळवीन, आणि तुमच्यावर मनात राग धरणार नाही.

ती पाखडत राहिली. सुपातला जोंधळा संपवला, मग सूप भिंतीला लावून ठेवलं आणि मला आत बस म्हणाली. दोन वर्षांत त्या घरात मी पाऊल टाकलं नव्हतं. गुंडूची टोपी अजून खुंटीला आहे.

तिनं बरंच काही सांगितलं. थोरला पोरगा नदीत उतरत नाही, जनावरं धुवायलासुद्धा नाही. गुंडूचं इंजन दिराच्या ताब्यात गेलं. पहिल्या वर्षी तुम्हाला फाशी व्हायला पाहिजे होती असं तिला वाटायचं, मग काही वाटेनासं झालं. कोर्टात मी बोलले त्या दिवशी ती घरी येऊन जेवली, त्याआधी कितीतरी दिवस तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. कारण तोवर लोक तिला सांगत होते, की तुझा नवरा दारू पिऊन पाण्यात गेला असंल, कुणी हाक मारली तरी ऐकली नसंल. गुंडू पीत नव्हता हो. तुम्हालाही ठाऊक आहे.

शेवटी जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण ते तुमच्यासाठी होतं:

"येऊ दे त्याला. गाव काय माझ्या एकटीचं न्हाय. पर आला की आदी माझ्या दारात येऊ दे. तुझ्या घरी न्हाय, आदी माझ्या. हितं बसू दे आन तोंडानं सांगू दे, त्या दिवशी त्याला माझा मालक दिसला हुता का न्हाय. खरं असंल ते. दिसला हुता म्हणला तरी मी ऐकीन. माफ करीन असं म्हणत न्हाय. ऐकीन."

मी विचारलं, आणि तो मुंबईला गेला तर? ती म्हणाली, "मग मला कधीच कळायचं न्हाय."

आता मी तुम्हाला माझं सांगते. तुम्ही मुंबईला गेलात तर मी तुमच्या मागनं येणार नाही. अब्बा आहेत, अम्मी आहेत, आणि ओढ्यावर पुढच्या साली पुन्हा उभं राहायचं आहे. जोतीराम पाटलांनी शब्द दिलाय, पण शब्दाला माणूस समोर लागतो. यंदा दिवाळीत डोहाच्या वरच्या अंगाला बोटाएवढी पिल्लं दिसली. झुंडीच्या झुंडी. अब्बांना आता लांबचं दिसत नाही, मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, कुठल्या रंगाची, शेपूट कशी. खडसाची असतील का, ते अजून सांगता येत नाही म्हणाले. मोठी होऊ देत.

तुम्ही आलात तर खाणीवर जायचं नाही. नदीत जायचं तर गळ घेऊन जायचं आणि अब्बा सांगतील तसं. नाहीतर गाद्या आहेत. लोक पुन्हा कापूस घेऊन यायला लागलेत, आणि मला कमान एकटीला पेलत नाही.

त्या दिवशी काठावर तुम्हाला काय दिसलं होतं, ते मला आधी सांगू नका. पत्रातही लिहू नका, तिथले साहेब वाचतील म्हणून नव्हे. तो पहिला शब्द बयाबाईचा आहे.

सकाळच्या गाडीनं निघालात तर दुपारच्या आत पोचाल. स्टँडवर मी येणार नाही. तिचं घर तुम्हाला ठाऊक आहे, वाण्याच्या दुकानाच्या मागं, दारात शेवग्याचं झाड. ती त्या दिवशी कामाला जाणार नाही म्हणालीय. तिच्याकडं जा, सांगा, आणि तिनं ऊठ म्हटल्यावरच उठा. मग घरी या. उशीर झाला तरी आम्ही जेवायचे थांबू.

नजीरा